आईने कानाने निवडलेला नंबर

माझ्या आईला स्वतःचा मोबाइल नंबर मिळाला तेव्हा ती एकाहत्तर वर्षांची होती. तोपर्यंत तिला कधी गरज भासली नव्हती, कारण साताऱ्याच्या घरात दिवाणखान्याच्या कोपऱ्यात दूरध्वनी होता, वडिलांच्या शर्टाच्या खिशात मोबाइल होता, आणि या दोहोंपैकी कशावरही फोन केला तरी आई भेटत असे. २०२२ च्या पावसाळ्यात वडील गेले. पुढचे वर्षभर रस्त्याच्या खोदकामात दूरध्वनीची तार वारंवार तुटत राहिली आणि शेवटी आम्ही तो परत केला. वडिलांचा मोबाइल आई उशाशी ठेवत असे, पण वाजला की ती तो दादाला किंवा मला उचलायला लावी, आणि आम्ही घरी नसलो तर तो तसाच वाजून थांबे. कारण पलीकडचा माणूस आधी वडिलांचेच नाव घेणार हे तिला ठाऊक होते. तेव्हा तिच्या नावाने नवे कार्ड घ्यायचे ठरले.

नंबर निवडणे हे मला तोवर दोन मिनिटांचे काम वाटत होते. प्रत्यक्षात आम्हाला महिन्याभरात दोनदा नंबर घ्यावा लागला. पहिला आम्ही भावंडांनी निवडला आणि तो चुकला. दुसरा आईने निवडला, आणि तिने तो ज्या रीतीने निवडला ती रीत मला इतकी पटली आहे की आता कुणीही नवे कार्ड घ्यायला निघाले की मी ती सांगत बसते.

पहिल्या वेळी दादाला नऊने सुरू होणारा नंबर हवा होता. त्याच्या वयाच्या पुष्कळ लोकांना तसेच वाटते आणि त्यामागे कारण आहे. आपल्या देशातला पहिला मोबाइल संवाद ३१ जुलै १९९५ रोजी झाला. पश्चिम बंगालचे तेव्हाचे मुख्यमंत्री ज्योती बसू कोलकात्याहून दिल्लीत दूरसंचारमंत्री सुखराम यांच्याशी बोलले. त्यानंतर मोबाइल हळूहळू महाराष्ट्रात पसरला, तेव्हा नंबराचे पहिले चार आकडे म्हणजे त्या माणसाचा पत्ताच असे. ९८२२ म्हटले की आयडिया, ९८९० म्हटले की एअरटेल, ९४२२ म्हटले की बीएसएनएल. ९८२० किंवा ९८२१ ऐकले की माणूस मुंबईचा हे न सांगता कळे, कारण दूरसंचाराच्या हिशेबात मुंबई हे वेगळे मंडळ आहे आणि उरलेला महाराष्ट्र गोव्यासह दुसऱ्या मंडळात येतो. बीएसएनएलची मोबाइल सेवा २००२ च्या ऑक्टोबरात सुरू झाली, आणि वडिलांना त्यांचे कार्ड २००३ साली मिळाले. ‘चौऱ्याण्णव बावीस’ अशी त्यांच्या नंबराची सुरुवात त्यांनी इतक्या वेळा उच्चारली होती की आमच्या घरात तिला मंगलाष्टकाच्या पहिल्या ओळीसारखी चाल लागलेली होती.

चार आकडे ठरलेले असले की उरतात सहा, आणि सहा आकड्यांत नेमके दहा लाख नंबर बसतात. एका मालिकेला दहा लाख, मग दुसरी मालिका, मग तिसरी, असे करता करता नऊने सुरू होणारे नंबर अपुरे पडू लागले. म्हणून आठ, त्यानंतर सात आणि अखेरीस सहा हे आकडेही मोबाइलसाठी खुले झाले. सहाने सुरू होणारा नंबर पडद्यावर दिसला की अजूनही काही लोक तो उचलत नाहीत. आईचा फोन कुणी संशयाने टाळू नये, एवढाच दादाचा उद्देश होता.

मात्र हे सुरुवातीचे आकडे आता काही सांगत नाहीत. २० जानेवारी २०११ पासून देशभर नंबर कायम ठेवून कंपनी बदलण्याची सोय झाली, आणि ३ जुलै २०१५ पासून मंडळ ओलांडून दुसऱ्या राज्यात गेले तरी तोच नंबर राहू लागला. ९८२२ वर आज कुठलीही कंपनी असू शकते आणि तो माणूस नागपुरात असेल तसाच गुवाहाटीतही असू शकेल. याचा दुसरा अर्थ मला अधिक महत्त्वाचा वाटतो. कंपनी आवडली नाही तर ‘पोर्ट’ असा संदेश १९०० वर पाठवून ती सोडता येते, योजना दर महिन्याला बदलता येते, फोनचे यंत्र तर चार वर्षांत जुने होतेच. पण नंबर एकदा आधारला, बँकेला, गॅसच्या नोंदणीला आणि शंभर माणसांच्या यादीला जोडला गेला की तो बदलणे म्हणजे घर बदलण्याइतके मोठे काम होते. तरीही दुकानात आपण योजनेच्या दरावर अर्धा तास बोलतो आणि नंबर मात्र ‘यातला कुठलाही चालेल’ म्हणून उचलतो.

दादाने अगदी कुठलाही उचलला नव्हता. त्याने आकड्यांची बेरीज केली होती. सर्व दहा आकड्यांची बेरीज करत करत शेवटी एकच आकडा उरवायचा आणि तो आपल्या जन्मतारखेशी जुळतो का ते पाहायचे, ही पद्धत बऱ्याच घरांत पाळली जाते आणि मी तिला नावे ठेवणार नाही. फक्त एक गणित ध्यानात घ्यावे. अशी बेरीज एक ते नऊ यांपैकी काहीतरी येणार, म्हणजे यादीतल्या दर नऊ नंबरांमागे सरासरी एक नंबर आपल्याला हव्या त्या बेरजेचा असतो. ती अट पुरी होणे अवघड नाही; म्हणून तिला पहिली चाळणी न करता शेवटची करावी. आम्ही उलटे केले. नऊने सुरुवात, बेरीज नऊ आणि शेवटी एकाच आकड्याची चार वेळा पुनरावृत्ती, एवढे पाहून आम्ही नंबर पक्का केला, त्या पुनरावृत्तीसाठी थोडे जास्त पैसेही मोजले, आणि आईला केवळ छायाचित्रासाठी व अंगठ्यासाठी दुकानात नेले. बत्तीस वर्षे खडू धरलेल्या तिच्या अंगठ्याचा ठसा यंत्राला चार प्रयत्नांनंतर उमटला.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून फोन येऊ लागले. पहिला फोन कर्जवसुलीचा होता. एका पुरुषाचे नाव घेऊन, हप्ता कधी भरणार असे दरडावून विचारले गेले. आईने नम्रपणे सांगितले की हा नंबर आता माझा आहे. पलीकडच्याने ते खोटे धरले आणि तुम्ही त्यांच्या कोण, असे विचारले. दिवसभरात असे पाच फोन आले. नंतर कुठल्याशा खात्याचे सांकेतिक आकडे संदेशातून येऊ लागले, एका मुलाच्या शाळेची फी थकल्याचे कळवले गेले, आणि एका दवाखान्याने त्या गृहस्थांना तपासणीची तारीख आठवून दिली. आई रात्री मला म्हणाली, “अगं, दुसऱ्याच्या घराची पत्रं माझ्या पेटीत पडतायत. मी ती वाचायची कशी आणि टाकून द्यायची कशी?”

या सगळ्यांत एक फोन वेगळा होता. एका म्हाताऱ्या बाईंचा आवाज होता आणि त्या “अण्णा हायत का?” असे विचारत होत्या. त्या अण्णांच्या बहीण असाव्यात. आईने समजावून सांगितले की त्यांचा नंबर बंद झाला आणि तोच आता मला मिळाला आहे. त्या बराच वेळ गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, “मग त्यांचा नवा नंबर तुमच्याकडं असंल की.” नंबर ज्याच्याकडे गेला त्याला आधीच्या माणसाचा ठावठिकाणा माहीत असणारच, असे त्यांना साहजिकच वाटत होते, घर विकत घेणाऱ्याला जुना मालक कुठे राहायला गेला ते ठाऊक असते, तसे. आईला त्यांना काहीच सांगता आले नाही. त्या आणखी दोनदा फोन करून पाहत राहिल्या. आईला वसुलीवाल्यांच्या दरडावण्यापेक्षा त्या दोन फोनांचा त्रास अधिक झाला.

एकाच नंबराचे दोन मालक कसे होतात, हे तेव्हा मी नीट समजून घेतले. मोबाइलसाठी सहा, सात, आठ आणि नऊ हे आरंभीचे आकडे धरले तर कागदावर ४०० कोटी नंबर होतात, आणि देशात मोबाइल जोडण्या साधारण ११५ कोटींच्या वर आहेत. म्हणजे तुटवडा नाही असे वाटेल. परंतु हे नंबर मंडळांना आणि कंपन्यांना गठ्ठ्यांनी दिले जातात. एका कंपनीचे एका मंडळातले गठ्ठे संपत आले की ती बंद पडलेले नंबर पुन्हा विक्रीला काढते. एखादे कार्ड सलग ९० दिवस वापरले गेले नाही आणि त्यात किमान शिल्लकही नसली तर ते बंद केले जाऊ शकते. बंद झालेला नंबर पुढचे निदान ९० दिवस कुणालाही दिला जात नाही, असे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०२३ साली सर्वोच्च न्यायालयासमोर मांडले होते, आणि जुन्या नंबराला जोडलेली आपली माहिती काढून घेण्याची काळजी ज्याची त्याने घ्यावी असे न्यायालयाने त्या प्रकरणात म्हटले. नव्वद दिवस म्हणजे तीन महिने. बँकेतले, शाळेतले, दवाखान्यातले, दुकानातले आणि बहिणीच्या वहीतले नंबर तीन महिन्यांत बदलले जात नाहीत. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२५ मध्ये बँकांना बंद झालेल्या नंबरांची यादी वापरून आपल्या नोंदी तपासायला सांगितले, हे योग्यच झाले. पण तो उपाय बँकांपुरता आहे.

नऊने सुरू होणारे नंबर सर्वांत आधी वाटले गेले होते. तेव्हा आज दुकानात तसा नंबर नवा म्हणून मिळत असेल, तर तो पूर्वी कुणाच्या तरी हातात होता असेच धरून चालावे. दादाला प्रतिष्ठेचा वाटलेला तो नऊ खरे तर धोक्याची खूण होती. महिन्याच्या आत आम्ही ते कार्ड परत केले.

दुसऱ्या वेळी आई म्हणाली की मी स्वतः निवडते. दुकान पोवई नाक्याजवळ आहे, आणि ते चालवणाऱ्या तरुणाचे वडील आईच्या वर्गात शिकलेले असल्यामुळे तोही तिला ‘बाई’च म्हणतो. त्याने यादी उघडून फोन तिच्यापुढे धरला आणि म्हणाला, “बाई, आवडेल त्याच्यावर बोट ठेवा.”

“मला दाखवू नकोस,” आई म्हणाली. “तू मोठ्यानं वाच. मी लिहिते.”

पिशवीतून तिने छोटी वही आणि पेन्सिल काढली. आई जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत शिक्षिका होती आणि पहिली-दुसरीच्या मुलांना आकड्यांचे श्रुतलेखन घालण्यात तिचे आयुष्य गेले. मुले कुठे चुकतात हे तिला पाठ आहे. मराठीत आपण एकक आधी बोलतो आणि दशक नंतर. लिहिताना मात्र दशक आधी येते. ‘पंचवीस’ ऐकले की कानावर पाच आधी पडतो, हात पाच लिहून मोकळा होतो आणि ‘बावन्न’ तयार होते. दुसरी अडचण ‘एकोण’ची. एकोणसाठ ऐकले की साठच्या घरात आहोत असे वाटते, पण लिहायचे पन्नासच्या घरातले. एकोणऐंशी आणि एकोणनव्वद यांत तर मोठी माणसेही थबकतात. तिसरी अडचण ध्वनीची: एकावन्न, बावन्न, पंचावन्न, सत्तावन्न, अठ्ठावन्न यांची शेपटी एकच, आणि सदुसष्ट व अडुसष्ट यांत फक्त पहिली दोन अक्षरे वेगळी. वर्गात हे फळ्याजवळ उभे राहून समजावता येते. फोनवर, कुकरच्या शिट्टीत किंवा बसच्या आवाजात, ती पहिली अक्षरेच हरवतात.

मुलगा इंग्रजीतून एकेक आकडा भराभर वाचू लागला. आईने त्याला थांबवले आणि मराठीतून जोडीजोडीने वाचायला सांगितले. पहिल्याच नंबरात तो एके ठिकाणी अडला, थोडा विचार केला आणि ‘सेव्हंटी नाइन’ म्हणाला. आईने वहीवर रेघ मारली. “तू जिथं अडखळलास तिथं औषधाच्या दुकानातला मुलगाही अडखळणार. पुढचा वाच.”

हे ऐकताना मला २०१९ चा जून आठवला. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या नव्या पुस्तकात संख्या ‘वीस एक’, ‘वीस दोन’ अशा वाचण्याची पद्धत आली तेव्हा केवढा वाद झाला होता. विधानसभेपर्यंत तो पोहोचला. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी ठामपणे सांगितले की जोडाक्षरांची ही नावे आणि बोलण्या-लिहिण्यातला उलटा क्रम यांमुळे लहान मुले गणितालाच घाबरतात. आई तेव्हा निवृत्त झालेली होती. एकोणऐंशी हा शब्द पुढच्या पिढीच्या तोंडी राहणार नाही या विचाराने ती हळहळली होती, आणि तरीही ती म्हणाली होती की बाई खरे बोलतायत, मी ही अडचण रोज पाहिली आहे. पुस्तकात जुनी नावेही ठेवली आहेत हे कळल्यावर तिला बरे वाटले होते. दुकानात मी तिला त्या वादाची आठवण करून दिली, तर ती म्हणाली, “वर्गात मी एकोणऐंशी शिकवीनच. पण इथं भाषा शिकवायची नाही. मला औषध वेळेवर यायला हवं.”

यादीत एक नंबर चार शून्यांनी संपणारा होता आणि मुलाच्या मते तो सर्वांत चांगला होता. अशा नंबरांना बाजारात मोठी मागणी असते. बीएसएनएल तर त्यांचा ऑनलाइन लिलाव करते. आईने तो लिहून घेतला, परत वाचला आणि सोडून दिला. तिचे म्हणणे असे की फलकावर पाहायला तो सुरेख आहे, पण बोलून सांगताना शून्ये मोजावी लागतात. सांगणारा चार म्हणतो, लिहिणारा तीन लिहितो, आणि दाबणाऱ्याचे बोट थरथरत असले तर पाच होतात. हे तिच्या वयाच्या मैत्रिणींचे बोट आहे, हे ती विसरली नव्हती. एकच आकडा दोनदा आला तर कानाला आधार मिळतो. चारदा आला तर कान मोजणी सोडून देतो.

तिला आवडणाऱ्या जोड्या कोणत्या ते हळूहळू माझ्या ध्यानात आले. चाळीस, साठ, सत्तर यांसारख्या पूर्ण दशकांत एकक बोलावाच लागत नाही, म्हणून उलटापालट होत नाही. चव्वेचाळीस किंवा सहासष्ट उलटे लिहिले तरी तेच राहतात. शिवाय कुरिअर घेऊन येणारी पुष्कळ मुले हिंदीत बोलतात. त्यांचे ‘उनहत्तर’ म्हणजे आपले एकोणसत्तर, पण आपल्या कानाला त्यात सत्तरीच्या वरचे काहीतरी ऐकू येते. चाळीसचे मात्र चालीस होते, साठ तर साठच राहते. नातवंडांनी इंग्रजीतून एकेक आकडा सांगितला तरी या जोड्या बिघडत नाहीत. म्हणजे एकच नंबर तीन भाषांतून आणि दोन पद्धतींनी सांगून पाहायचा, आणि तो कुठेही फुटत नाही ना हे तपासायचे.

चौदा-पंधरा नंबरांतून तीन उरले. मग तिने मला दुकानाबाहेर नाक्याच्या कडेला उभे राहायला सांगितले आणि मुलाच्या फोनवरून मला फोन करून तिन्ही नंबर एकेकदाच सांगितले. मागून एसटी जात होत्या, रिक्षावाले हाका मारत होते. एक नंबर मी चुकीचा लिहिला. तो गेला. उरलेल्या दोघांतला एक चाळीस आणि साठ या जोड्यांनी संपत होता.

आता त्याचा भूतकाळ तपासायचा होता, आणि हे काम माझे होते. कार्ड सुरू करण्याआधी नंबर हातात असतो, पण आपण तो तपासून पाहत नाही. मी आधी त्या नंबराला फोन केला. तो वाजला असता किंवा कुणी उचलला असता तर प्रश्नच मिटला असता. मग तो माझ्या फोनमध्ये साठवून व्हॉट्सॲपवर कुणाचे छायाचित्र दिसते का ते पाहिले. त्यानंतर पैसे पाठवायच्या ॲपमध्ये नंबर टाकून कुणाचे नाव समोर येते का ते पाहिले, कारण आधीच्या माणसाने आपले बँकखाते त्याला जोडलेले असेल तर तिथे नाव उमटते. नाव दिसले तर तिथेच थांबायचे आणि दुसरा नंबर घ्यायचा. दोन नंबरांपैकी एकावर मला असे एक नाव दिसले. आईच्या चाळीस-साठवर कुठेच काही नव्हते. तो सहाने सुरू होणारा होता. दादाचा चेहरा किंचित उतरला. मी त्याला त्या म्हाताऱ्या बाईंच्या फोनांची आठवण दिली आणि तो काही बोलला नाही. बेरीज मात्र त्याने केलीच. ती चार आली.

अशा तपासणीने सगळे कळते असे नाही. शाळेची किंवा दवाखान्याची नोंद बाहेरून दिसत नाही. म्हणून पहिले तीन आठवडे आम्ही नवा नंबर कुठल्याही बँकेला दिला नाही, फक्त नातेवाइकांना दिला आणि कोणाचे फोन येतात ते पाहत राहिलो. कुणाचेच आले नाहीत. त्यानंतर व्हॉट्सॲप सुरू करून त्याला सहा आकड्यांचा दुसरा कुलूपआकडा लावला, १९०९ वर संदेश पाठवून जाहिरातींचे फोन बंद केले, आणि सरकारच्या ‘संचार साथी’ या संकेतस्थळावर आईच्या नावाने किती जोडण्या आहेत ते पाहिले. एका व्यक्तीच्या नावे नऊ जोडण्यांपर्यंत परवानगी असते; तिच्या नावे एकच होती. ही शेवटची गोष्ट प्रत्येकाने वर्षातून एकदा तरी करावी अशी माझी आग्रहाची विनंती आहे, विशेषतः आपल्या घरातल्या वृद्धांसाठी, कारण त्यांच्या आधारची झेरॉक्स कुठे कुठे दिलेली असते ते त्यांनाही आठवत नाही.

राहिला वडिलांचा नंबर. आई त्याला हात लावत नव्हती, त्यामुळे तो रिचार्ज न करता आपोआप बंद होऊ द्यावा असे आधी आमच्या मनात होते. पण एका बंद पडलेल्या नंबराने काय होते ते आम्ही स्वतः पाहिले होते. बंद झाल्यावर तीन-चार महिन्यांनी तो कुणा अनोळखी माणसाच्या खिशात गेला असता, वडिलांच्या निवृत्तिवेतनाचे आणि विम्याचे संदेश त्याला गेले असते, आणि खेड्यापाड्यांतले त्यांचे जुने सहकारी त्याला हाका मारत राहिले असते. दादाने मृत्यूचा दाखला, स्वतःची ओळखपत्रे आणि आम्हा बाकीच्या वारसांची संमती देऊन ते कार्ड आपल्या नावावर करून घेतले. एकेका ठिकाणची नोंद बदलायला आठ महिने लागले. सगळ्या नोंदी बदलून झाल्या तरी तो नंबर सोडायचा नाही, असे त्याने ठरवले आहे.

वडिलांच्या ओळखीचे कुणी अजूनही अधूनमधून त्या नंबरावर फोन करते. दादा उचलतो, वडील गेल्याचे सांगतो, आणि आईशी बोलायचे असेल तर हा नंबर घ्या म्हणून जोडीजोडीने सांगतो. गेल्या महिन्यात कोरेगावहून एका वृद्ध गृहस्थांचा फोन आला होता. ते शेतात उभे होते आणि त्यांच्याजवळ लिहायला काही नव्हते. दादा म्हणाला की मी संदेश पाठवतो, तर ते म्हणाले, नको, राहील माझ्या ध्यानात, एकदा परत म्हणा. दादाने परत म्हटले. त्याने फोन खाली ठेवून पाचेक मिनिटे झाली असतील, तोच आतल्या खोलीत आईचा फोन वाजला, आणि तिने तो स्वतः उचलला.